निळखारचे जीएम

मोहन, तू गेल्यापासून तीन रविवार भिवरा बांधावर उभी होती. एक पाय चिखलात, पदर खोचलेला आणि समोरून खाडीचं पाणी आत यायला लागलेलं. तू तिला तिथे उभं केलंस, "मग? तू काय करतेस गो?" असं मला विचारलंस आणि पुढचा रविवार यायच्या आत स्वतःच निघून गेलास. असं कोणी करतं का रे? आज दुपारी भिवरा हलली. कशी हलली ते सांगायलाच बसले आहे. पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि अर्धं राहिलेलं भांडण मला पचत नाही, हे तुला सातवीपासून माहीत आहे.

तुझ्या तेराव्याला तुझ्या मोठ्या भावाने मला बाजूला घेतलं. "बाई, रविवारी तुमी करायचा तरी काय?" मी म्हटलं, खेळायचो. "पत्ते?" नाही. "कॅरम?" तेही नाही. मग मी त्यांना समजावायला बसले. आम्ही चौघं. त्यातल्या तिघांनी एकेक माणूस व्हायचं. मी भिवरा, गावची सुईण. नझीरभाई म्हणजे दादूस, होडीवाला. मोहनची रंजना म्हणजे मीठ पिकवणारी काशी. आणि चौथा मोहन, तो उरलेलं सगळं जग. पाऊस तोच, सरपंच तोच, सरपंचाचा कुत्रापण तोच. तो सांगणार काय समोर आहे, आम्ही सांगणार आम्ही काय करतो, आणि नक्की होईल की नाही असं वाटलं की फासा टाकायचा.

"म्हंजे नाटक," भाऊ म्हणाले.

"नाटकच. पण आधी कोणी लिहिलेलं नाही."

"आनि बघायला कोन यायचा?"

"कोणी नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू बिचाऱ्या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग हळूच म्हणाले, "पन त्यो खुश असायचा. रविवारी फोन केला तर उचलायचा नाय." मला एवढं बरं वाटलं ते ऐकून.

सुरुवात तेजूमुळे झाली, हे श्रेय तिला दिलंच पाहिजे. तुझी लेक पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत आली आणि जाताना चार पानं घरात विसरून गेली. चार पानं, बस्स. त्यात सगळे नियम. इंग्रजीत. ती पानं घेऊन तू माझ्या रोह्याच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिलास. शिफ्ट संपवून थेट आलेला, हातात डबा, कपाळावर हेल्मेटचा वळ. "शुभे, ह्ये जरा मराठीत सांग गो." मी भूगोलाची बाई. पेणहून एसटीने यायचं, दिवसभर नकाशे भरून घ्यायचे, परत जायचं. माझं इंग्रजी ते कितीसं! पण तुझ्यासमोर नाही कसं म्हणणार? बसले फाटकाशेजारच्या कट्ट्यावर.

दुसऱ्याच ओळीवर अडलो. तिथे लिहिलं होतं की जे ठरवायचं ते जीएम ठरवतो. तुझा चेहरा पडला. "इथंपन तोच?" म्हणालास. तुझ्या कंपनीत जीएम म्हणजे जनरल मॅनेजर. त्याची गाडी आली की मोठं फाटक उघडतं आणि ऑपरेटर लोकांनी चहाचे कप लपवायचे. त्या पानांवर कुठेही जीएम म्हणजे काय ते लिहिलेलं नव्हतं, आणि आपण दोघांनी मोठ्या आत्मविश्वासाने ठरवून टाकलं की या खेळात एक जनरल मॅनेजर असतो. नझीरभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "बराबर आहे, एसटीत जसा डेपो मॅनेजर." झालं, तीन शहाण्यांचं एकमत झालं.

आणि मग तू तीन महिने आम्हाला छळलंस. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचास, आम्ही खाली चटईवर. हजेरी घ्यायचास, मोहन! दोन माणसांची हजेरी! पानांवर एक नमुन्याची गोष्ट होती, कुठला तरी परदेशी किल्ला, बर्फ, लांडगे. तू तीच लावून धरलीस. "नझीरभाई, तुमी पश्चिमेच्या दरवाजानं जा. शुभा, तू हितंच थांब, पहारा दे." मी एक अख्खा रविवार पहारा दिला. नझीरभाईंनी बर्फात ब्रेक लागतो का, घोड्याला दिवसाला किती किलोमीटर जमतात, असलं विचारून तुझं डोकं पिकवलं. आयुष्यभर रोहा डेपोची गाडी चालवलेला माणूस, अंतर कळल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नाही. आणि तू तर बर्फ कधी पाहिलेलाच नव्हतास. एकदा मध्येच थांबून मला विचारलंस, "बर्फ पडताना आवाज येतो काय गो?"

शेवटी माझं डोकं फिरलं. "सगळं तूच ठरवतोस तर आम्ही कशाला रे? तू एकटाच सांग गोष्ट, मी घरी बसून पापड लाटते!" तुझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दोन रविवार बोलावणंच नाही. मीही एसटीच्या खिडकीतून तुझ्या घराकडे मुद्दाम न बघता जायचे. तिसऱ्या आठवड्यात तेजूचा फोन. "बाबा, जीएम म्हणजे गेम मास्टर हो!" ते तू मला शाळेत येऊन सांगितलंस, आणि मी स्टाफरूममध्ये हसून हसून अशी वेडी झाले की मुख्याध्यापिका बघायला आल्या. तू मात्र हसला नाहीस. तू विचारात पडलास.

"मास्तर," म्हणालास. "म्हंजे हुकूम करायचा नाय."

"आमचे मास्तर हुकूमच करायचे की."

"चांगला मास्तर विचारतो गो."

तिथून तू बदललास. पण जीएम साहेब हे नाव तुला कायमचं चिकटलं. कंपनीत ज्याला सुपरवायझरसुद्धा केलं नाही, तो रविवारी चार वाजता जीएम साहेब व्हायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फासा तेजूच्या साप-शिडीच्या डब्यातला, एक कोपरा झिजलेला. नियम असा की एक-दोन पडलं तर जमलं नाही, पाच-सहा पडलं तर जमलं, आणि तीन-चार पडलं तर मधलं. त्या मधल्यासाठी मी भाषांतर केलं होतं, "अंशतः यश". तू कपाळाला हात लावलास. "ह्ये काय निकालपत्रक हाय?" मग स्वतः लिहिलंस. एक-दोन: नाय. पाच-सहा: व्हय. तीन-चार: व्हय, पन. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवतेय, इतकं नेमकं भाषांतर माझ्या हातून कधी झालेलं नाही, आणि हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आता करते.

त्या "व्हय, पन"ने तुझं डोकं घडवलं. खरं सांगतेय. शाळेत तू कल्पना लढवणारा मुलगा नव्हतास. गोष्ट पूर्ण करा असा प्रश्न आला की तू तो सोडून द्यायचास. पण रविवारी तीन किंवा चार पडलं की सगळे तुझ्या तोंडाकडे बघणार, आणि तुला त्याच क्षणी त्या पनच्या पुढचं काहीतरी आणावंच लागणार. पहिल्या पहिल्यांदा तोंडाला फेस यायचा तुझ्या. पन पाय मुरगळला, पन दार बंद झालं, असलंच यायचं. मग हळूहळू ते उमलायला लागलं. होडी मिळाली का? व्हय, पन होडीत मालक झोपलाय. सरपंच हो म्हणाला का? व्हय, पन तो सगळ्यांनाच हो म्हणतो. बाळ नीट झालं का भिवरे? व्हय, पन ते रडत नाय, तुझ्याकडं टक लावून बघतंय. त्या बाळाच्या रविवारी मी घरी जाताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले आणि तासभर माझ्या अंगावर काटा होता.

पण खरी कमाल रंजनाने केली. तू मान्य केलं होतंस, पण पुरेसं नाही. आठव.

आपण अजून त्या बर्फाच्या किल्ल्यातच होतो. किल्ल्याभोवतीचं पाणी अडवणारी भिंत फुटली होती आणि मी मोठ्या हुशारीने म्हटलं, पौर्णिमेला बांधून काढू, उजेड असेल. तू मान डोलावलीस, फासा उचललास. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "पुनवेला? उधानात खांड कोन बांधतो?"

तोवर रंजना आपल्याला पोरखेळ म्हणायची, चहा आदळून जायची. आता ती पिठाचे हात घेऊन दारात आली. तिचं माहेर मिठागरावरचं. "पुनवेला, अमावशेला पानी मोठा येतो," म्हणाली. "अष्टमीला भांग असतो, पानी लहान. तवा फुटलेल्या बांधाची खांड बांधायची. पेंढा पायजे, चिखलाचे गोले पायजेत, घरटी एक मानूस पायजे. रांगेनं उभी ऱ्हायची मानसं, हातातून हातात गोला द्यायचा. किल्ला बांधतायत मेले!"

तू फासा खाली ठेवलास. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तेजूची ती चार पानं उलटी केलीस आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने एक वाकडी रेघ मारलीस. "ही खाडी," म्हणालास. दुसरी रेघ, "ह्यो बांध." मग एक बारीक चौकोन, "ही उघाडी, लाकडी दार. ओहोटीला उघडायचं, आतलं पानी बाहेर. भरतीला बंद." मग घरं काढलीस, एकेक करून, आणि प्रत्येक घर काढताना थोडा थांबत होतास. गावाला नाव दिलंस निळखार. रंजनाला म्हणालास, "बस हितं. तू पन खेल." तो किल्ला, ते लांडगे, तो बर्फ त्या दिवशी बुडाला तो बुडालाच.

निळखार कुठलं गाव होतं, ते चौघांत फक्त मला कळलं. कारण मी वर्गाची मॉनिटर होते आणि वह्या मी गोळा करायचे.

सातवीत तू नवीन आलास, पेणला आत्याकडे राहायला. तुमच्या गावचा बांध फुटला होता, खारं पाणी भातशेतात शिरलं ते निघालंच नाही, आणि घरं एकेक करून उठून गेली. आम्हा शिक्षकांच्या, वकिलांच्या घरातल्या मुलांना त्याचं काय! पहिल्याच आठवड्यात बाईंनी निबंध दिला, माझे गाव. आम्ही दोन-दोन पानं खरडली, नदी, मंदिर, हिरवीगार शेतं. तू एकच ओळ लिहिलीस. "माझे गाव छान होते." बाईंनी लाल पेनाने "होते" खोडलं, वर "आहे" लिहिलं आणि शेरा दिला, काळ चुकला. तू ती वही बघितलीस आणि मला म्हणालास, "चूक बाईंची हाय." बारा वर्षांचा मुलगा. मी हसले होते, मोहन. मला वाटलं, आला मोठा, बाईंची चूक काढतोय.

चाळीस वर्षांनी निळखारमध्ये तू नियम केलास की खेळात होतं म्हणायचं नाही. सगळं आहे. "भिवरा गेली" नाही, "भिवरा जाते". जो चुकून होता-होती म्हणेल त्याने चहा टाकायचा. नझीरभाई तर दर रविवारी चहा टाकायचे, त्यांची गोष्ट सुरूच व्हायची "एकदा काय झालं" अशी. आम्हाला वाटायचं ही तुझी गंमत आहे. मला एकटीला कळत होतं की तू बाईंचं ते लाल पेन हातात घेतलंयस. मी यावर कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

काय काय बनवलंस रे तू त्या कागदावर! आणि तेही काही न सांगता, नुसतं विचारून विचारून. "भिवरे, झोपडीत शिरलीस, पैला वास कसला आला?" मी म्हणायचे, ओल्या गोधडीचा. "काशे, ह्या मिठाला कोन हात लावत नाय, का?" रंजना म्हणायची, ह्यात एक मानूस बुडाला होता. चहा टाक, काशे! आणि तुझ्या वहीत ते टिपलं जायचं. एवढ्याशा गावात कोणाच्या दारात शेवगा आहे, कोणाचं कोणाशी सात वर्षं बोलणं नाही, हे सगळं आम्हाला पाठ. नझीरभाईंची बायको एकदा वैतागून म्हणाली की यांना स्वतःच्या नातवाचा वाढदिवस आठवत नाही आणि निळखारच्या होडीची भोकं आठवतात.

तू रोह्याच्या स्टॅंडवर उगाच बसायला लागलास. शेजारच्या म्हातारीला विचारायचास, मावशी, तुमच्याकडं जुनी भांडनं कशी मिटतात? लोक सांगायचे! कोणी विचारत नाही ना, म्हणून सांगायचे. कंपनीतसुद्धा सेफ्टीच्या तासाला तू पोरांना तक्ता वाचून दाखवायचं बंद केलंस. "वॉल्व अडकलाय. मागं धूर हाय. तुझा जोडीदार शिडीवर हाय. मग? तू काय करतोस?" पोरं आधी हसली, मग घाम फुटला त्यांना, मग भांडायला लागली की आधी जोडीदार की आधी वॉल्व. एक दिवस खरे जीएम दारात उभे राहून अख्खा तास ऐकून गेले म्हणे. तू मला सांगताना म्हणालास, "दोन जीएम एका खोलीत, शुभे," आणि असा हसलास की ठसका लागला.

चार पानं आणि एक झिजलेला फासा. याच्यावर एका माणसाने अख्खं गाव उभं केलं. मला पुस्तकं वाचून, पदव्या घेऊन जमलं नसतं. मला तुझा हेवा वाटायचा, आणि अभिमान तर इतका की पेणला शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी तुझ्या गोष्टी माझ्या म्हणून सांगितल्यात. हेही आता कबूल.

पण आपलं ते एक भांडण. माझं म्हणणं, तू विचारतोस ते नुसतं दाखवायला, वहीत सगळं आधीच लिहिलेलं असतं. आम्ही काहीही केलं तरी तू आम्हाला फिरवून फिरवून तिथेच आणतोस. तू म्हणायचास, "नाय गो." मी म्हणायचे, वही दाखव. तू वही मांडीखाली घ्यायचास. सहा वर्षं हेच.

आणि तो शेवटचा रविवार. निळखारचा बांध फुटला. तू फोडलास. अर्धं गाव म्हणतंय खांड बांधू, अर्धं म्हणतंय सोडा आता, वर डोंगराकडे जाऊ. सगळे भिवराकडे बघतायत, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना तिनेच जन्माला घातलंय. तू विचारलंस, "मग? तू काय करतेस गो?"

आणि मी काय म्हटलं! मी म्हटलं, "मला कशाला विचारतोस? तुझं ठरलेलंच आहे. तुझं गाव बुडलं म्हणून तू हेही बुडवणार आहेस."

रंजनाच्या हातातला पापड तसाच राहिला. तू वही मिटलीस, फासा डब्यात टाकलास. दारापर्यंत मला सोडायला आलास, नेहमीसारखा. मी चपला घालत होते, मान वर केली नाही. "पुढच्या रविवारी सांग," म्हणालास. "घाई नाय. भिवरा काय करते ती सांग." मी नुसतं हं केलं. गुरुवारी सकाळी रंजनाचा फोन आला.

माफ कर, एवढंच म्हणायचं होतं रे. एसटीत बसल्यावर लगेच म्हणायचं होतं. फोन हातात होता. म्हटलं रविवारी तोंडावर म्हणू, वर थोडं चिडवू, म्हणजे फार जड होणार नाही. बघ, माझीच हुशारी मला नडली.

आज रंजनाने बोलावलं. मी जाणार नव्हते. नझीरभाईंनी फोन करून सांगितलं, "बाई, या. भाभी एकटी बसेल." पेणहून पोह्याचे पापड घेतले, सवयीने, आणि गेले. चटई घातलेली. तुझी खुर्ची भिंतीला लावलेली, रिकामी. कोणाला कुठे बघावं कळेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मोहन इथे बसायचा तेव्हा उजेड त्याच्या पाठीवर यायचा."

रंजना म्हणाली, "बसायचा बोललात. चहा तुमच्यावर."

मी स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला आणि पाणी उकळेपर्यंत हुंदके देऊन रडले. दोघांपैकी कोणी आत आलं नाही, शहाणी माणसं. हे लिहिताना मी इतक्या वेळा होतास, करायचास म्हटलंय की जन्मभर तुमच्याकडे चहा टाकत बसावं लागेल.

चहा घेऊन आले तर चटईवर तुझी वही. रंजनाने माझ्याकडे सरकवली. "सा वर्सं मागत होतात ना? बघा."

मी उघडली. आमचीच वाक्यं, मोहन. तारीख नाही, पुढचं कथानक नाही, काही नाही. ओल्या गोधडीचा वास, शुभा. मिठात मानूस बुडाला, रंजना. होडीला तीन भोकं, नझीरभाई. पानामागून पानं आम्ही जे बोललो ते, आणि त्याच्याखाली तुझे प्रश्न. उत्तर एकही तुझं नाही. मी भराभर शेवटच्या पानावर गेले. तिथे तुझं ते वाकडं अक्षर. "खांड बांधली तर: मानसं दमतात, तीन वर्सं भात नाय. गाव सोडलं तर: म्हातारी मागं ऱ्हातात." त्याच्याखाली एक ओळ. "शुभा ह्यातलं कायच करनार नाय. तिसरंच कायतरी काढेल. जागा ठेव."

आणि खाली अर्धं पान कोरं.

सहा वर्षं मी तुला खोटं पाडत होते आणि तू माझ्यासाठी जागा ठेवत होतास. मला वाटलं होतं माझ्या त्या बोलण्याने तू दुखावून वही मिटलीस. दुखावला असशील, नाही म्हणत नाही. पण जागा तशीच ठेवलीस.

"आता जीएम कोण?" नझीरभाईंनी विचारलं. दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, मी झाले तर भिवरा कोण होणार? मग आम्ही दोघांनी रंजनाकडे बघितलं. ती म्हणाली, "मना काय येतं?" मी म्हटलं, पाण्याचं तुलाच कळतं, किल्ला तूच बुडवलास. ती थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली. मग उठली, भिंतीकडची खुर्ची तशीच राहू दिली, चटईवरच माझ्यासमोर येऊन बसली आणि फासा हातात घेतला. पहिल्यांदा बोलताना आवाज फाटला. दुसऱ्यांदा नीट आला.

"भिवरे. पानी आत येतोय. लोक तुझ्याकडं बघतायत. मग? तू काय करतेस गो?"

तीन रविवार मी याच्यावरच विचार करत होते, रे. मी म्हटलं, भिवरा खांड बुजवत नाही. गावही सोडत नाही. जिथे बांध फुटलाय तिथेच ती नवी उघाडी बसवते. मोठी, दोन फळ्यांची. फुटलंय तिथेच दार. पाणी आपण सांगू तेव्हा आत येईल, आपण सांगू तेव्हा जाईल. खालची शेतं मिठाला, वरची भाताला.

नझीरभाई म्हणाले, "वाह." रंजनाने मोजून मान हलवली, मनात चिखल तोलून बघितला असणार. "व्हतंय. टाक."

चार पडले.

आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो, तिघं म्हणजे ती स्वतःसुद्धा. "व्हय," रंजना म्हणाली. "पन त्या उघाडीवर राखनीला कोनतरी कायमचं बसलं पायजे. भरती-वोटीला दार उघडायचं, लावायचं. एक दिस चुकून चालनार नाय. कोन बसतो?"

असा पन तुलाही कधी सुचला नव्हता, जीएम साहेब. आणि उत्तर माझ्या तोंडून माझ्याआधी बाहेर पडलं. "एक जण बसलेला आहे तिथे. मोहन नाव त्याचं. हेल्मेटचा वळ आहे कपाळावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी विचारत असतो."

नझीरभाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना राहवलं नाही. "गावापासनं किती लांब आहे ती उघाडी? किती किलोमीटर?"

"लांब नाय," रंजना म्हणाली. "हाकेवर हाय."

तिने वही ओढून घेतली आणि तू ठेवलेल्या जागेत ते सगळं लिहिलं. उघाडी, दोन फळ्या, राखणीला मोहन. अक्षर तिचं तुझ्याहून बरं आहे. मग वही माझ्याकडे दिली, तुम्ही बाई आहात, एकदा तपासा म्हणाली. मी लाल पेन घेऊन बसते, सवय आहे मला. सगळं वाचलं. एकही होतं नव्हतं. शेवटी थोडी जागा उरली होती, तिथे मी एक ओळ लिहिली, तीही लाल पेनाने, चालेल ना?

तुझं गाव छान आहे, मोहन.